उन्हाचे मोल कोण देणार?

चैत्र लागला की आपल्या चिकित्सालयांच्या भिंतींवर आणि औषधी दुकानांच्या काउंटरवर 'उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी' या मथळ्याची पत्रके झळकू लागतात. कोणत्याही कंपनीचे पत्रक घ्यावे, पहिली सूचना ठरलेली असते : ऊन टाळावे. त्यापुढे सरबत, शतधौतघृत, चंदनाचा लेप, मोरावळा, आणि शेवटी त्या कंपनीच्या उत्पादनांची यादी. सूचना चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या महाराष्ट्रात वर्षाचे आठ महिने स्वच्छ ऊन पडते आणि ज्याच्या स्वयंपाकघरातील निम्मी साठवण उन्हाच्या बळावर होते, त्या प्रदेशातील वैद्याने उन्हाविषयी एवढे एकच वाक्य बोलावे, हे आम्हाला अपुरे वाटते. सामान्य गृहिणी, कोकणातील बागायतदार आणि सह्याद्रीतील हिरडा गोळा करणारा आदिवासी यांना उन्हाचे जे ज्ञान आहे, ते आपल्या व्यवसायातून हळूहळू उणे होत चालले आहे. आणि त्याचा परिणाम केवळ पत्रकांवर नव्हे, तर आपल्या औषधांच्या गुणवत्तेवर होत आहे. प्रस्तुत लेखात आम्हाला मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे.

प्रथम शास्त्राचे पाहू. ग्रीष्मऋतुचर्येत वाग्भटाने लवण, अम्ल, कटु रस, व्यायाम आणि सूर्यकिरण वर्ज्य सांगितले, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. सुश्रुताने चिकित्सास्थानात आतपाचे गुण सांगताना तृष्णा, स्वेद, मूर्च्छा, भ्रम, दाह व वैवर्ण्य यांची गणना केली आणि छाया या साऱ्यांचे निवारण करते असे सांगितले. येथवर पत्रके आणि ग्रंथ एकमेकांशी जुळतात. मात्र चरकाने सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात लंघनाचे जे दहा प्रकार सांगितले त्यांत आतप आहे. चौदाव्या अध्यायात अग्नीवाचून घडणारे जे दहा स्वेद सांगितले त्यांतही आतप आहे. आणि श्वित्राच्या चिकित्सेत स्रंसनानंतर रुग्णाला त्याच्या बलानुसार सूर्यताप देण्याचा स्पष्ट आदेश आहे. म्हणजे आतप हे आहारविहारातील एक वर्ज्य प्रकरण नसून मात्रा, काल व देह यांचा विचार करून योजावयाचे द्रव्यच आहे. विषही युक्तीने योजले असता औषध होते असे मानणाऱ्या शास्त्राने आतपाला मात्र सरसकट 'टाळावे' या खणात टाकावे, हे चमत्कारिक आहे.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. ग्रंथोक्त ग्रीष्म हा ज्येष्ठ-आषाढाचा. आपल्याकडे, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, ज्येष्ठाच्या पूर्वार्धातच मृगाच्या सरी येतात आणि आषाढात तर सूर्यदर्शनही दुर्मीळ होते. आपला खरा ग्रीष्म चैत्र-वैशाखाचा. लोकांनी हे पंचांग न उघडताच जाणले आहे. गुढीपाडव्याला कडुनिंब आणि गूळ, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे, अक्षय्य तृतीयेला उदकुंभाचे दान, या क्रमाने आपले सण चढत्या उन्हाबरोबर पावले टाकतात. (पन्ह्यातील अम्लरसाविषयी काही मित्र ग्रंथाचा आधार देऊन आक्षेप घेतात. उकडलेल्या कैरीचा गर, त्याच्या दुपटीहून अधिक गूळ वा साखर, वेलची आणि माठातले पाणी हे संस्कारित पानक असते. अम्लपित्ताचा रुग्ण वगळता त्याला नकार देण्यात आम्हाला पांडित्यच अधिक दिसते.) सातूचे पीठ थंड पाण्यात कालवून गुळाबरोबर घेणारा विदर्भातील शेतकरी वाग्भटाने ग्रीष्मात सांगितलेल्या सक्तूचाच उपयोग करीत असतो.

परंतु लोक उन्हाळ्यात केवळ ऊन चुकवीत नाहीत. ते ऊन वापरतात, आणि मोठ्या आनंदाने वापरतात. वाळवणाचे दिवस आठवावेत. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून पहाटे अंधारातच शिजवावा, सूर्य वर येण्यापूर्वी सोऱ्याने कुरडया घालून व्हाव्यात, म्हणजे पहिले कोवळे ऊन त्यांना मिळून त्या तडकत नाहीत आणि दुपारच्या उन्हात कडकडीत होतात. पापड मात्र फार कडक उन्हात घातला तर वाकतो, म्हणून तो बऱ्याच घरांत सावलीत सुकवून मग केवळ ऊन दाखवून डब्यात भरतात. सांडगी मिरची, सांडगे, बटाट्याचा कीस, आंबापोळी यांची प्रत्येकाची उन्हाची मात्रा वेगळी. गच्चीवर कावळे हाकणारी मुले चिकाचे आणि लाट्यांचे निम्मे वाळवण पोटात वाळवतात, तोही या ऋतूचा उत्सवच. मराठीत 'ऊन दाखवणे' हा जो वाक्प्रचार आहे, तो आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो. धान्याला, गाद्यांना, लोणच्याच्या बरणीला ऊन 'दाखवायचे' असते, 'द्यायचे' नसते. त्यात मात्रेचा विवेक भाषेनेच घालून ठेवला आहे.

कोकणातील आमसुलाचे उदाहरण तर आपल्या विद्यार्थ्यांना भैषज्यकल्पनेच्या तासाला प्रत्यक्ष दाखवावे असे आहे. पिकलेले कोकम फोडून साल वेगळी करतात. बिया व गर मिठासह ठेवून त्यांचा रस सुटू देतात. साली उन्हात सुकवावयाच्या, त्या रसात भिजवावयाच्या, पुन्हा सुकवावयाच्या, पुन्हा भिजवावयाच्या. चांगल्या आमसुलाला अशी अनेक पुटे देतात. द्रव्याला त्याच्याच स्वरसात भिजवून दिवसा उन्हात सुकविणे ही भावना नव्हे तर काय? आमलकी रसायनात आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना देताना आपण जे करतो, तेच मालवण-रत्नागिरीकडील घरोघरच्या बायका कोणत्याही संहितेचे नाव न घेता करीत आल्या आहेत. त्यांना ठाऊक असते की पूर्ण न सुकलेल्या सालीला पुढचे पुट दिले तर ती रस पीत नाही आणि आतून बुरसते. आपल्या किती फार्मसींमध्ये दोन भावनांच्या मध्ये द्रव्य पूर्ण सुकले की नाही हे हाताने चुरून पाहिले जाते, हा प्रश्न आम्ही येथे केवळ विचारून ठेवतो.

रसशास्त्रातही सूर्याला स्थान आहे. सुश्रुताने शिलाजतूची उत्पत्ती सांगताना ज्येष्ठ-आषाढात सूर्यकिरणांनी तापलेल्या पर्वतांतून ते स्रवते असे म्हटले आहे. त्याचे शोधनही दोन प्रकारांनी होते, सूर्यतापी आणि अग्नितापी. त्रिफळाक्वाथात वा उष्ण जलात विरघळविलेले शिलाजित उन्हात ठेवून वर येणारी साय काढीत जाणे हे सूर्यतापीचे स्वरूप. त्यास दिवस लागतात, जागा लागते, निरभ्र आकाश लागते. भट्टीवर ते काही तासांत आटते. आता बाजारात कोणते अधिक मिळते हे सांगावयास नको.

गुलकंदाचीही हीच कथा. देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थरावर थर काचेच्या वा चिनी मातीच्या बरणीत भरून, तोंडाला फडके बांधून महिना-सव्वा महिना उन्हात ठेवावे. पाकळीतल्याच पाण्याने साखर विरघळते आणि पाकळी न शिजता मुरते. गुजरातेतील छुंदा आणि आपल्याकडील उन्हातला साखरांबा याच न्यायाने होतो. यात अग्निसंस्कार नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य, आणि पित्तशमनार्थ आपण गुलकंद देतो तेव्हा हेच वैशिष्ट्य आपल्याला अपेक्षित असते. साखरेच्या पाकात पाकळ्या शिजवून केलेले द्रव्य खाद्य म्हणून वाईट नसेल. त्याला कोणी विड्यात घालावे, दुधात घालावे. परंतु वैद्याने चिठ्ठीवर 'गुलकंद' लिहिल्यावर रुग्णाच्या हाती कोणता पडतो, हे वैद्यालाच ठाऊक नसते. जे फार्मसीचालक अद्याप गच्चीवर बरण्या मांडतात त्यांनी लेबलावर 'सूर्यपाकी' हा शब्द ठळकपणे छापावा आणि त्याचा दर वेगळा ठेवावा. तो दर देणारे वैद्य आहेत, असे आमचा अनुभव सांगतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या औषधांच्या गुणवत्तेचा पहिला संस्कार फार्मसीत होत नाही. तो होतो जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतल्या कातळावर, गडचिरोलीतील मोहाखालच्या सारवलेल्या अंगणात, सांगलीच्या हळदीच्या खळ्यावर. बाळहिरड्याचे उदाहरण घेऊ. भीमाशंकरच्या परिसरातील महादेव कोळी कुटुंबे चैत्र-वैशाखात कोवळा हिरडा उतरवितात आणि उन्हात पसरतात. हिरवा हिरडा सुरकुतून काळा पडेपर्यंत आणि दोन दाणे एकमेकांवर आपटले असता खणखणीत वाजेपर्यंत त्याला ऊन द्यावे लागते. रोज सकाळी पसरणे, दुपारी परतणे, दव पडण्यापूर्वी गोळा करून झाकणे आणि अवकाळी ढग दिसला की धावपळ. हे सर्व काम बहुधा घरातील स्त्रिया व वृद्ध करतात. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील हिरड्याची झाडे मोठ्या प्रमाणावर पडली, आणि नुकसानभरपाईसाठी या कुटुंबांना आंदोलने करावी लागली. आपल्या व्यवसायातून त्या वेळी त्यांच्या बाजूने फारसा आवाज उठला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कारण त्या झाडांचे फळ शेवटी आपल्याच खलात पडते.

या कुटुंबाला आपण पैसे कशाचे देतो? वजनाचे. येथेच सारा घोटाळा आहे. हिशेब करून पाहू. एका कुटुंबाने माल अर्धवट सुकविला, त्यात शंभरास वीस भाग पाणी राहिले. असा एक क्विंटल माल त्याने किलोला १०० रुपये या कल्पित दराने विकला, तर त्याला १०,००० रुपये मिळाले. दुसऱ्या कुटुंबाने तेवढाच माल आणखी दोन-तीन उन्हे देऊन दहा भाग पाण्यावर आणला. त्या मालात घन द्रव्य तेवढेच, म्हणजे ८० किलो; परंतु एकूण वजन भरले सुमारे ८९ किलो. त्याला मिळाले ८,९०० रुपये. म्हणजे ज्याने अधिक श्रम केले, अधिक ऊन सोसले, बुरशीपासून मुक्त आणि वर्षभर टिकणारा माल दिला, त्याला आपण क्विंटलमागे अकराशे रुपयांचा दंड केला. आणि ज्याने ओलसर माल दिला त्याच्या पाण्याला शंभर रुपये किलोचा भाव दिला. दोघांना नुसते सारखे पैसे मिळावयाचे असतील तरी सुक्या मालाचा दर ११२ रुपये ५० पैसे हवा; श्रमाचे मोल त्याच्या वरचे.

ही पद्धत कोणी कुटिलपणे आखलेली नाही. वजनकाटा सर्वांकडे असतो, आर्द्रता मापण्याची सोय नसते, इतकेच. मध्यस्थ व्यापाऱ्याला तर ओलसर माल सोयीचाच असतो, कारण त्यालाही पुढे वजनावरच विकावयाचे असते. सुका माल विकण्यापूर्वी त्यावर पाणी मारण्याची चाल आपल्यापैकी कोणाला नवीन नाही. परिणाम मात्र फार्मसीच्या कोठारात दिसतो. पावसाळा लागला की पोत्यांतून उबट वास येऊ लागतो, हिरड्यावर पांढुरकी बुरशी चढते, अश्वगंधेला कीड लागते. आयुर्वेदिक फार्माकोपियाने अफ्लाटॉक्सिनच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. प्रयोगशाळेचा प्रतिकूल अहवाल आला की फार्मसीचालक पुरवठादाराला दोष देतो, पुरवठादार जंगलातल्या माणसाला. ज्या दिवशी आपण सुक्या मालाला ओल्या मालाचाच दर दिला, त्या दिवशीच ती बुरशी आपण विकत घेतली होती, हे कोणी म्हणत नाही.

यावर उपाय अवघड नाही. फार्माकोपियात सांगितलेली रीत कोणत्याही लहान फार्मसीत शक्य आहे. दहा ग्रॅम भरड द्रव्य १०५ अंश सेल्सिअसला पाच तास तापवून पुन्हा तोलावे, वजन स्थिर होईपर्यंत हा क्रम करावा, आणि घट नोंदवावी. (लवंग, वेलची, ओवा यांसारख्या उडनशील तेल असलेल्या द्रव्यांत ही घट केवळ पाण्याची नसते, त्यांना टोल्यूइनची ऊर्ध्वपातन पद्धत वापरावी.) एक ओव्हन आणि एक चांगला तराजू एवढेच साधन. धान्याच्या बाजारात आर्द्रतेनुसार दर ठरविण्याची रीत शेतकऱ्यालाही माहीत आहे. सोयाबीनची खरेदी करताना बाजार समितीत ओलावा पाहतात. हिरडा, बेहडा, अश्वगंधा यांच्या बाबतीतच आपण डोळ्यांनी अंदाज का घ्यावा?

आक्षेप येईल की हा सारा उन्हाचा कारभार जुनाट आहे. २००० साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून स्वच्छतेचे निकष कडक झाले, तेव्हा ट्रे ड्रायर घ्यावा आणि मोकळे व्हावे. या आक्षेपात तथ्य आहे. उघड्या अंगणात धूळ येते, पक्षी येतात, माश्या बसतात, काळ्या ताडपत्रीवर पसरलेल्या द्रव्याला खालून घाम सुटतो. जमिनीवरची ही पसरण आम्हालाही मान्य नाही. परंतु ट्रे ड्रायर फार्मसीत असतो, आणि द्रव्य जंगलात ओले असते. ते फार्मसीपर्यंत येण्याच्या आठ-पंधरा दिवसांत पोत्यात काय घडले, ते ड्रायर सुधारू शकत नाही. बुरशी वाळवली म्हणजे ती जात नाही, वाळलेली बुरशी होते.

शिवाय, ऊन म्हणजे सरसकट ऊन नव्हे, हे बेदाण्यावाल्यांकडून शिकावे. तासगाव, जत, कवठेमहांकाळ या कोरड्या पट्ट्यात द्राक्षे थेट उन्हात सुकवीत नाहीत. पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून सालीवरचा मेणचट थर सैल करतात, आणि वर छप्पर, बाजूने जाळी अशा रॅकवर थर मांडतात. ऊन छपरावर पडते, तापलेली कोरडी हवा घडांतून वाहते आणि साधारण पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. उन्हाची उष्णता घ्यावयाची, किरण मात्र टाळावयाचे. तुळस, ब्राह्मी, गुलाबपाकळी, पुदिना यांसारख्या कोमल द्रव्यांना ग्रंथांनी आणि परंपरेने जी छायाशुष्कता सांगितली, तिचे हे मोठ्या प्रमाणावरचे रूप आहे. हळदीलाही हा विवेक लागतो. उकडलेली अख्खी हळकुंडे उन्हात चांगली वाळतात. परंतु हळदीचे चूर्ण उन्हात पसरून ठेवू नये, कारण तिच्यातील करक्युमिन प्रकाशाने नष्ट होते. जाताजाता एक सूचना : पिवळ्या झळाळीसाठी बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. असा बेदाणा द्राक्षासवासाठी घेऊ नये. गंधकाचा तो अंश किण्वाला मारक असतो, आणि संधान मंदावले म्हणून आपण धायटीच्या फुलांना दोष देत बसतो.

आता फार्मसीतून चिकित्सालयात येऊ. येथे आम्हाला दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, 'ड' जीवनसत्त्वाची. सांप्रत प्रत्येक दुसरा रुग्ण त्याचा अहवाल हाती घेऊन येतो आणि आपण त्याला सकाळचे कोवळे ऊन घ्या असे सांगून पाठवितो. कोवळे ऊन सुखकर असते, अभ्यंगानंतर बालकालाही ते मानवते, हे खरे. परंतु त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेसे पोहोचतात. ओबडधोबड खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते किरण मिळू लागतात. पुण्याच्या अक्षांशावर एप्रिलच्या मध्यास ही वेळ सकाळी साडेनऊच्या सुमारास येते. तेव्हा सात वाजता शाल पांघरून बागेत बसणाऱ्या आजोबांना ऊन 'लागते', पण अहवाल सुधारत नाही. पौष-माघात दहा-अकराचे ऊन आणि चैत्रात साडेनऊ ते दहाचे, तेही हातपाय व पाठ उघडी ठेवून थोडाच वेळ, असे ऋतूनुसार नेमके सांगणे हे वैद्याचे काम आहे. शेतात राबणाऱ्याला हे सांगण्याची गरज नाही. ती आहे शहरातील सदनिकेत राहणाऱ्या गृहिणीला, जिच्या घरी गच्ची नाही आणि म्हणून वाळवणही उरले नाही. वाळवणाबरोबर तिच्या वाट्याचे ऊनही गेले, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

दुसरी गोष्ट श्वित्राची. बाकुचीतील सोरॅलेन प्रकाशाच्या साहाय्यानेच कार्य करते. याच तत्त्वावर आधुनिक वैद्यकातील पुवा चिकित्सा उभी आहे. तेव्हा बाकुची लिहून देणे म्हणजे अर्धी चिकित्सा. उरलेली अर्धी उन्हाची मात्रा. मार्गशीर्षात ज्या रुग्णाला दहा मिनिटे ऊन सोसत होते त्यालाच वैशाखात तेवढ्या उन्हाने फोड येतात, आणि तो औषध सोडून देतो. आम्ही होळीनंतर अशा रुग्णांचे सूर्यसेवन नऊच्या आत आणतो, दोन-तीन मिनिटांपासून पुन्हा आरंभ करतो आणि त्वचा किंचित आरक्त होईल त्यापुढे जात नाही. मेडिकल दुकानदारांनी बाकुचीतेल वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

उन्हाची ही बाजू मांडताना त्याची दुसरी बाजू आम्ही विसरलेलो नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या जाहीर कार्यक्रमात उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले. तेथील तापमान विदर्भाइतके नव्हते. परंतु किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि देहाला स्वतःला थंड करण्याचा मार्गच उरत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाचे आडाखे कोकणाला लावून चालत नाही. मूत्रल औषधे घेणारे वृद्ध, गर्भिणी, मद्यपी आणि उन्हात काम करणारे मजूर यांच्या बाबतीत ऊन टाळा हेच वाक्य योग्य, आणि ते पत्रकात नव्हे तर समोर बसवून सांगावे. हिरडा परतणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मोल मागताना आम्हाला हेही म्हणावयाचे आहे की तिने ते काम सकाळी नऊच्या आत आणि पाचनंतर करावे, एवढी सवड तिला दराने मिळाली पाहिजे. दर तुटपुंजा असला की माणूस दुपारही मोजीत नाही.

शेवटी ज्या कारणाने हा विषय यंदा निकडीचा वाटला ते सांगतो. २०२५ साली नैऋत्य मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. त्यापूर्वीही महिनाभर अवकाळी सरी येत होत्या. कोकमाचा, आंबापोळीचा आणि बाळहिरड्याचा हंगाम नेमका याच पंधरवड्यावर अवलंबून असतो. ऊन आपल्याकडे अमाप आहे, त्याला कोण पैसे देतो, ही समजूत आता धरून चालणार नाही. उन्हाचे दिवस अनिश्चित झाले की घाईने, अर्धवट सुकविलेला माल बाजारात येणार आणि आपण तो वजनावर घेणार. याला तोंड द्यावयाचे तर संग्राहकांच्या वस्तीवरच उंच मचाणाचे, पांढऱ्या छपराचे, जाळी लावलेले रॅक किंवा पॉलिथिनचे सौर वाळवणगृह उभे राहिले पाहिजे. त्याचा खर्च एका कुटुंबाला झेपणारा नाही, एका फार्मसीलाही कदाचित नाही. परंतु एकाच खोऱ्यातून माल उचलणाऱ्या पाच-सहा फार्मसींना तो जड नाही.

आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे. संघटनेचे जे सभासद स्वतःची फार्मसी चालवितात त्यांनी येत्या होळीपूर्वी एकत्र बसून निदान तीन द्रव्यांपुरता, बाळहिरडा, बेहडा आणि आमसूल, आर्द्रतेशी जोडलेला दर ठरवावा; बारा भागांच्या खाली पाणी असलेल्या मालाला चढता दर, पंधराच्या वर असलेला माल परत. हा दर मराठीत छापून खरेदीच्या गावी आधी लावावा, माल आल्यावर नव्हे. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी शेजारच्या लहान फार्मसीचे नमुने तपासून द्यावेत. आणि चिकित्सक सभासदांनी आपल्या औषधी दुकानदाराला गुलकंदाची बरणी उलटी करून एकच प्रश्न विचारावा, हा उन्हातला आहे की चुलीवरचा. उत्तर येत नसेल तर पुढच्या चिठ्ठीवर तसे लिहावे.